मागाचं तेल

ये की आत. दारात उभं राहून का बोलायचं? जवळ बस — त्या पाटावर नको, इथं माझ्या चटईवर. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. किती महिने झाले? नुसता निरोप धाडायचा, 'येणार, येणार', आणि म्हातारीनं भाकरी करून वाट बघत बसायचं, ही कुठली रीत? गेल्या खेपेला तुझ्यासाठी शेंगाची चटणी कुटून ठेवली होती. वाट बघून बघून मीच संपवली. असू दे. मला रागवायचा हक्क आहे का, ते शेवटपर्यंत ऐकलंस की तूच ठरव.

कारण आज जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही — आणि आता हे ऐकायच्या पलीकडं गेले. सासूबाईंना नाही, माझ्या आईला नाही. देवापुढं माणूस पुटपुटतं तसं पुटपुटले असेन. पण पुटपुटणं म्हणजे सांगणं नव्हे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन सुताच्या गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून आणि पुड्यांच्या कागदांवरून झालेलं. सुचेल तसं सांगते. मध्येच थांबले तर समजून घे — शब्द अडला नसेल, धीर अडला असेल.

सोलापुरात आमच्या पेठेत तेव्हा माग नसलेलं घर शोधावं लागायचं. आमचे चार होते, विजेवरचे. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत माणसं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, टॉवेलांना पुन्हा गिऱ्हाईक लागलं होतं. दिवसभर खटाक-खटाक. माग थांबला की तान्ही पोरं दचकून जागी व्हायची, असलं घर.

आणि त्या घराचा एकच मंत्र — कुरकुरलं की तेल. मागाशेजारी लांब नळीची तेलाची डबी कायम भरलेली. माग कुरकुरला, तेल. बिजागरी कुरकुरली, तेल. पाळणा कुरकुरला, तेल. सासूबाईंचा गुडघा कुरकुरला तरी तेलच — ते तिळाचं, एवढाच काय तो फरक! हे मी हसत सांगते खरी, पण माझी चूक ह्याच मंत्रातून निघाली. चूक म्हणते मी. गुन्हा पुढं आहे.

आमच्या घरात बायकांनी कांड्या भरायच्या, तुटलेल्या धाग्यांना गाठी मारायच्या, टॉवेलांच्या दशा वळायच्या. पान्याला हात लावायचा नाही. बाईनं पाना लावला की माग बसतो, असं सासूबाई ठणकावून सांगायच्या. आणि मला? मला पाना दिसला की हात शिवशिवायचे. काय करू? कुणाला गळा असतो, कुणाला नाचता येतं. मला नट कुठल्या बाजूनं फिरतो ते बघितल्याबरोबर कळायचं.

घरात एक फटफटी होती, जुनी घेतलेली. यांचा जीव तिच्यावर, पण तिच्या कामाची भारी टाळाटाळ. चेन सैल पडून लोंबायची. पुढचा ब्रेक नावालाच. मागचा ब्रेक असा किंचाळायचा की हे पेठेच्या कोपऱ्यावर आले की मी चुलीवर तवा ठेवायची. मिस्त्रीला दाखवा म्हटलं की म्हणायचे, "बरं हाय की! हॉर्नचं काम भागतंय."

मिस्त्री म्हणजे लतीफभाई. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली पत्र्याची शेड, तिशी-बत्तिशीचा माणूस, बोलायला कमी. त्याची एक पद्धत होती, ती लक्षात ठेव. गाडी दुरुस्त झाली की तो आपल्या बायकोला मागं बसवून पेठेला एक चक्कर मारायचा. मगच गाडी मालकाच्या हातात. कुणी चेष्टा केली की म्हणायचा, "घरवालीकू बिठाए बगैर तुमकू कैसा बोलूं, गाडी ठीक है?" ती बिचारी बुरखा सावरत बसायची, आणि पेठेला कळायचं — अमक्याची गाडी झाली.

तो आमच्या अंगणात काही ना काही करायला यायचा तेव्हा मी दारामागून त्याचे हात बघायची. काढलेला नट परातीत डावीकडून मांडत जायचा, लावताना उजवीकडून उचलत यायचा. कधी चूक नाही. माझी पहिली शाळा ती. त्याला ते माहीतही नव्हतं — की होतं?

येते, येते मुद्द्यावर.

त्या वर्षी नवरात्रात हे सूत आणायला इचलकरंजीला गेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खंडेनवमी — माग, पाने, कात्र्या, फटफटी, सगळं धुऊन-पुसून पुजायचं, आणि त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही. हत्यारांचाही एक सुटीचा दिवस की! माझ्या मनात आलं, ही गाडी अशीच घाणेरडी पुजायची? अष्टमीची दुपार. सासूबाई देवळात भजनाला. माझा धाकटा दीर, शिवाभावजी, मागावर. मागांच्या त्या खटखटाटात परसात कुणी घर पाडलं तरी ऐकू आलं नसतं.

मी जुनी चादर अंथरली, परात घेतली, पदर खोचला.

प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला. चेन रॉकेलमध्ये बुडवून धुतली, बसवून ताणली. लतीफभाई जसा बोटानं दाबून बघायचा तसं बघितलं. मग किक मारली. एक किक — एकाच किकेत गाडी बोलली! तुला काय सांगू? आयुष्यात मला बऱ्याच गोष्टी मिळाल्या, पण त्या एका आवाजासारखं काही मिळालं नाही. परसात उभी राहून मी रडले, बाई.

तिथंच थांबले असते तर?

पण किंचाळणारा ब्रेक राहिला होता ना. मागचं चाक सोडवलं. ड्रममध्ये दोन पट्टे, अर्धचंद्रासारखे, कोरडे ठणठणीत, धुळीनं माखलेले. मला वाटलं — किती दिवसांचे तहानलेत बिचारे. आणि मी मागाच्या तेलाची डबी आणली. पुन्हा पुन्हा तेल पाजलं त्यांना, लेकराला पाजावं तसं. चाक बसवलं, हातानं फिरवलं, पेडल दाबलं. आवाज गप्प. मी परातीकडं बघितलं, एकही नट उरला नव्हता. जिंकले की मी!

ब्रेकला तेल घालायचं नसतं. तो घासतो म्हणूनच थांबवतो. आज हे मी झोपेतही सांगेन. त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. ही चूक झाली.

आता गुन्हा.

संध्याकाळी हे आले. गाडी बघून खूश. "लतीफ येऊन गेला वाटतं?" असं सहज विचारलं. शेजारी सासूबाई वाती वळत बसलेल्या. आणि मी म्हणाले, "व्हय." एक शब्द. किती लहान, बघ. हे म्हणाले, दसरा झाला की भेटून येतो त्याला. संपलं.

नवमीला गाडीला हळदीकुंकू, झेंडूची माळ. दिवसभर कुणी तिला हलवली नाही — रीतच तशी. चालवून बघितली असती तर पेठेतल्या पेठेतच कळलं असतं. पण पूजेची गाडी कोण चालवणार? ती माळ घालून उभी राहिली, आणि आत तेल मुरत राहिलं.

दसऱ्याला शिवाभावजी माझ्या माहेरी, अक्कलकोटकडं, सोनं द्यायला फटफटीवरून निघाले. वीस वर्षांचा पोरगा, खिशात आपट्याची पानं. "वैनी, तुमच्या आईला सोनं देतो आणि बदल्यात होळगी घेऊन येतो. रिकामा न्हाय यायचो!" आमच्याकडं पुरणपोळीला होळगी म्हणतात, कानडीच की निम्मं घर. मी हसून हात हलवला. पहाटेची पेठ रिकामी, ब्रेक दाबायची वेळच न येता गाडी बाहेर पडली. मनात म्हटलं, परत आले की भावजींना एकट्याला सांगायचं, गाडी मी केली म्हणून. शिवाभावजी हसले असते. कुणाला बोलले नसते.

संध्याकाळी त्यांना आणि गाडीला एका ट्रकमधून आणलं. रस्त्यात मेंढरं आडवी आली, ब्रेक दाबला, गाडी थांबलीच नाही. मेंढरं वाचवायला त्यांनी गाडी खड्ड्यात घातली. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला.

दुसऱ्या दिवशी यांनी लतीफभाईला बोलावलं. अंगणात निम्मी पेठ. हे ओरडत होते — "काय काम केलंस रं? माझ्या भावाचा जीव गेला असता!" लतीफभाईला काही कळेना. म्हणाला, मी आलोच नाही. हे आणखी भडकले. मग तो खाली बसला, चाक सोडवलं, ड्रम उघडला. बोट फिरवलं. नाकाला लावलं.

"ये तो माग का तेल है," म्हणाला.

"मग? आख्ख्या पेठेत मागाचंच तेल हाय!" कुणीतरी मागून म्हणालं, आणि लोक हसले.

"मैं आता तो चक्कर नै मारता क्या? पूरी गल्ली देखती."

खरं होतं. त्याच्या बायकोला कुणी चक्कर मारताना बघितलं नव्हतं. ही एवढी गोष्ट त्या गर्दीत कुणाच्याही डोक्यात शिरली नाही. मग त्यानं मान वर केली. मी दारात उभी होते, हात पदराखाली. नखांतलं काळं अजून गेलं नव्हतं. त्यानं विचारलं — आवाज चढवून नाही, अगदी हळू —

"भाभी, मैं आया था क्या?"

सगळं अंगण माझ्याकडं वळलं.

मी म्हणाले, "आला होतात की."

झालं. सांगितलं. इतकी वर्षं जे वाक्य गिळत आले ते हे. 'व्हय' मी घाबरून म्हणाले असेन, पण हे घाबरून नव्हे. त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाले. आणि का म्हणाले तेही सांगते, नाहीतर हे सांगणंही अर्धंच. सासूबाई हाकलतील, हे मारतील, असलं भय नव्हतं. यांनी उभ्या जन्मात माझ्यावर हात उगारला नाही. मला एवढंच वाटलं की खरं बोलले तर पुन्हा कुणी मला पान्याला हात लावू देणार नाही. त्या एका किकेचा आवाज माझ्याकडून काढून घेतील. त्याच्या नावापेक्षा मला माझी हौस मोठी वाटली. एवढंच. ह्याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं.

लतीफभाईनं बोटाचं तेल चिंधीला पुसलं. मग उठला. पाने पिशवीत भरले — डावीकडून उजवीकडं, त्या घाईतही. जाताना म्हणाला, "ठीक है भाभी. आया होंगा मैं."

आया होंगा! त्याला कळलं होतं. न कळायला काय झालं? नाकाला लावलेलं तेल, माझे लपवलेले हात. एवढं कळूनही त्यानं माझं खोटं उचललं आणि आपल्या पिशवीत घालून घेऊन गेला.

पेठेनं त्याच्याकडं गाड्या नेणं हळूहळू बंद केलं. काम बिघडवतो, वर खोटंही बोलतो, कोण जाईल? पुढच्या उन्हाळ्यात लिंबाखालची शेड मोडली. तो होटगीला गेला. तिथं रेल्वेच्या माणसांच्या सायकली, गाड्या करायला लागला. तिथं त्याचं बस्तान बसलं, असं पुढं कानावर आलं. चांगलं झालं. पण ते त्याच्या हातांनी झालं. माझ्या खात्यावर मांडायचं ते नाही.

आणि माझं काय झालं? ऐक. शिवाभावजींचा पाय प्लास्टरात, मागावर माणूस कमी. हे एकटे किती करणार? एक दिवस माग अडला आणि मी पाना उचलला. सासूबाई बघत होत्या. माग बसला नाही, चालू झाला. तेव्हापासून घरचे चारही माग मी राखले. पुढं आठ झाले, तेही राखले. पेठेतले जॉबर, माग दुरुस्त करणारे, अडलं की मला विचारायला यायचे. पोरींना मी पान्याला हात लावायला शिकवलं. लोक कौतुक करतात, म्हणतात, काय आज्जीबाईंचा हात! ज्यासाठी खोटं बोलले ते मला सगळं मिळालं. सगळं. कळतंय का मी काय म्हणते ते?

हे असंच राहिलं असतं. मी असंच वर घेऊन गेले असते. पण खोटं एका जागी पडून राहत नाही. आमच्या घरात एक शब्द तयार झाला — लतीफकाम. शिलाई उसवली, लतीफकाम. नळ गळला, लतीफकाम. शिवाभावजी आता सत्तरीचे. जिना चढताना अजून डावा पाय आधी टाकतात, आणि खंडेनवमीच्या पूजेला न चुकता ती गोष्ट रंगवून सांगतात — मेंढरं, खड्डा, होळगी राहिली ती राहिलीच — आणि सगळे हसतात. मीही हसले आहे. दर वर्षी.

गेल्या महिन्यात त्यांची नात इथं बसून शाळेची वही शिवत होती. दोरा सुटला. कपाळावर हात मारून म्हणाली, "अय्यो, लतीफकाम झालं!" नऊ वर्षांची पोर. तिनं त्या माणसाला कधी बघितलं नाही. तिला तो माणूस होता हेसुद्धा माहीत नाही, ते नाव आहे हेसुद्धा नाही. परातीत नट डावीकडून मांडणारा, बायकोला बसवल्याशिवाय गाडी न देणारा माणूस — आणि त्याचं नाव आमच्या घरात असल्या कामाला! मी तिच्या हातातली वही घेतली आणि मला सुईत दोरा ओवता येईना.

मग मी एक काम केलं. होटगीच्या एका रिक्षावाल्याकडून लतीफभाईंचा फोन नंबर मिळवला. तीन दिवस तो कागद उशाखाली. चौथ्या दिवशी लावला. त्याच्या लेकीनं उचलला. "कोण?" म्हणाली. काय सांगणार मी कोण? म्हटलं, सोलापूरची, पेठेतली, टॉवेलवाल्यांची सून. मागून एक म्हातारा आवाज आला —

"टॉवेलवाली भाभी? गाडी ठीक है क्या?"

गाडी ठीक आहे का! मी एवढंच म्हटलं, खंडेनवमीला आमच्याकडं या, घरच्यांना घेऊन या. मग म्हणाला, "आऊंगा." ह्यात मी माफी शोधत नाही. त्यानं गाडीचं विचारलं, गाडीचंच विचारलं.

मागच्या खोलीत ती फटफटी अजून आहे, चादरीखाली. सध्या रोज दुपारी थोडी थोडी उघडते. प्लग झाला, चेन झाली. मागचे पट्टे नवे घातलेत, कोरडे. किंचाळतात थोडे, किंचाळू देत. जुने पट्टे, तेल प्यायलेले ते दोन, मी तेव्हाच उचलून बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. डबा उघडला की अजून तेलाचा वास येतो. की मलाच येतो?

नवमीला ते दोन पट्टे मी हत्यारांच्या पूजेत मांडणार आहे, पान्यांशेजारी. त्यांना फूल वाहायचं नाही. नुसते ठेवायचे. सगळे बसले की, शिवाभावजी गोष्ट सुरू करायच्या आत, मी सुरू करणार — ह्याच अंगणात, त्याच दारात उभी राहून, हात बाहेर काढून. माफ करा, असं म्हणणार नाही. म्हटलं तर लतीफभाई पुन्हा 'ठीक है भाभी' म्हणतील, त्यांची ती खोडच आहे. एक ओझं त्यांनी नेलं, दुसरं कशाला द्यायचं? मी फक्त सांगणार — ते आले नव्हते.

रात्री झोप लागते आता. भीती वाटते, नाही असं नाही. पण त्या एका किकेच्या आधी वाटली होती तशी — पायाखाली काहीतरी सुरू होणार आहे अशी.

दसऱ्याला सोनं द्यायला सगळेच येतात, तू आदल्या दिवशी ये. सकाळीच ये. चटणी ताजी कुटते, आणि या खेपेला संपवणार नाही. निरोप नको धाडूस. लवकर ये.